पट्ट्यापट्ट्यांची गाडी

आईच्या हातची भाकरी खायला प्रेम घरी थांबला, घडलं ते एवढंच. पण कंपनीच्या नियमांत भाकरी बसत नव्हती.

प्रेम मूळचा समृद्धी महामार्गालगतच्या दुसरबीड गावचा. पुण्याकडच्या एका मोटार कंपनीत तो चाचणीच्या गाड्या चालवायचा. बाजारात न आलेली विजेची गाडी घ्यायची, मे महिन्याच्या उन्हात समृद्धीवर पळवायची, चार्जिंगला लावायची आणि पुन्हा पळवायची. इथलं ऊन तिला सोसतं का, हे कंपनीला बघायचं होतं. गाडीची ठेवण कोणाला कळू नये म्हणून तिच्या अंगभर काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा कागद चिकटवलेला. चीनवाले, कोरियावाले, जर्मनीवाले, सगळे एकमेकांच्या उरावर बसलेले. कोणाची गाडी किती मिनिटांत चार्ज होते, यावर जगभर चढाओढ चाललेली. प्रेमच्या हातातली गाडी दहा मिनिटांत भरायची आणि तिचं सगळं गुपित चार्जिंगच्या झाकणामागे होतं.

"हे झाकण आपल्या चार्जरपाशीच उघडायचं," साहेबांनी बजावलं होतं. मागे एका ड्रायव्हरच्या गाडीचा नुसता मागचा दिवा कोणाच्या तरी फोटोत आला, तर संध्याकाळी त्याला गेटच्या आत घेतलं नाही. गावातल्या खडबडीत रस्त्यांवरून गाडी न्यायची परवानगी होती, थांबायची नव्हती.

दारात गाडी बघून पुष्पाबाईंनी पोराला काही विचारलंच नाही. त्या घरात गेल्या आणि ओवाळायचं ताट घेऊनच बाहेर आल्या. बोनेटवर हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, पुढ्यात नारळ.

"माय, थांब ना जरा," प्रेम म्हणाला.

"काऊन? पोरानं गाडी घेतली अन् मायनं ओवाळू नाही काय?"

सांगायचं ते इथेच सांगायला हवं होतं. गाडी माझी नाही, एवढंच तर म्हणायचं होतं. पण आई इतकी फुलून गेली होती की त्याच्या तोंडून ते निघेना. कंपनीत मोठ्या कामावर आहे, असंच तो तिला आजवर सांगत आला होता. तेवढ्यात गल्ली गोळा झाली. शेजारच्या रंगरावकाकांनी गाडीभोवती एक चक्कर मारली.

"अशी झेब्र्यावानी काऊन रंगवली बे? अन् भरते किती तासात?"

"तास कायचे काका? दहा मिनिटं."

"फेकू नको."

हा शब्द प्रेमला झोंबला. त्याने झाकण उघडून दाखवलं. चार माणसं कौतुकाने बघायला लागली की माणसाची अक्कल चरायला जाते, ती अशी. रंगराव झाकणाजवळ बोट नेऊन उभे राहिले आणि त्यांच्या सुनेने, पूनमने, फोटो काढला.

मग तो जेवायला बसला. दुसरा घास तोंडात होता, तोच आईने कौतुकाने मोबाईल पुढे केला.

"पाह्य, म्या बी स्टेटसले लावला."

फोटो चांगलाच स्वच्छ आला होता. आईचं ताट, रंगरावांचं बोट आणि त्या बोटापुढे उघडं झाकण.

"अजून कोनाकडं गेला?"

"रंगरावभाऊजीनं गावाच्या ग्रुपवर टाकला. पुंजाजी दुकानदारानं त लोनारच्या जावयाले बी धाडला."

प्रेम ताटावरून उठला. दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. गाडीचं कुलूप लावलेलंच होतं, तरी त्याने ते उघडून परत लावलं. खिशातला फोन थरथरला तसा त्याने तो घाईघाईने काढला. गाडीच्या तापमानाचा मेसेज होता.

"माय, तो फोटो काढून टाक."

"काऊन, नजर लागन म्हनतं?"

"हाव. नजर लागन."

पुष्पाबाईंनी लगेच स्टेटस काढलं. "पन बाकीचे काऊन काढतीन? त्यांची थोडीच हाय गाडी?"

आता पळवाट उरली नाही. प्रेम भिंतीकडे बघत बोलला.

"माय, गाडी माही बी नाही. कंपनीची हाय. म्या नुसता चालवतो. हा फोटो बाहेर गेला त माही नोकरी जाईन."

बोटांची हळद पुष्पाबाईंनी लुगड्याला पुसली आणि पायात चपला सरकवल्या.

"म्या येतो संगं."

"तू जेव."

जेवण कसलं होतंय! तो फाटकापाशी उभा राहिला. रंगरावांच्या ओसरीवरून आईचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

"भाऊजी, तो फोटो काढून टाका. गाडी आमची नाही. पोरगा डायवर हाय माहा. नोकरी जाईन त्याची."

मग पुढचं दार. तेच बोलणं, त्याच शब्दांत. फोटो पुसलेला डोळ्यांनी बघितल्याशिवाय ती दारातून हलत नव्हती. समोरच पुंजाजीच्या दुकानाच्या पायरीवर नेहमीसारखी माणसं बसली होती. तिथे तिला दोनदा सांगावं लागलं.

"काय म्हनता, वयनी?"

"डायवर हाय म्हनलं. डायवर."

कोणीतरी हसलं. प्रेमच्या कानांच्या पाळ्या तापल्या. धावत जावं आणि आईला हाताला धरून परत आणावं, असं त्याला फार वाटलं. पण तिथे जाऊनही तेच सांगावं लागलं असतं आणि ते त्याच्याने झालं नसतं. गाडीत नागपूर गाठण्याइतकं चार्जिंग होतं आणि त्याला फाटक ओलांडवेना.

पुष्पाबाई घामाघूम होऊन परत आल्या. रांजणाच्या पाण्यात त्यांनी पदराचं टोक भिजवलं आणि बोनेटवरचं कुंकू पुसायला लागल्या. काळ्या पट्टीवरचं गेलं. पांढरीवरचं जाईना, तर त्यांनी खसाखसा घासलं. मग खाली वाकून चाकाखालचं लिंबूही काढून घेतलं.

"लोनारच्या जावयानं बी काढला. म्या फोनवर बोलली त्याच्याशी."

"माय..."

कंपनीचा फोन अजून वाजला नव्हता. वाजेल की नाही, हे रात्रीपर्यंत कळणार नव्हतं. पुष्पाबाईंनी काचेवर उडालेली एक अक्षता नखाने काढली आणि त्या बाजूला झाल्या.

"जाय आता. लोकाची गाडी हाय, जपून चालव."