खंडेनवमीचा रंग

चाकणच्या वायरिंगच्या कंपनीत चार नंबर लाइनवरच्या बायकांना नटायला वर्षातून एकच दिवस मिळायचा, खंडेनवमीचा. एरवी निळा एप्रन, डोक्यावर टोपी आणि बांगड्या लॉकरमध्ये. त्या दिवशी मात्र मशिनची पूजा, पेढे आणि अख्ख्या लाइननं एकाच रंगाच्या साड्या नेसून काढलेला फोटो. तो रंग सहा वर्षं दिपाली ठरवत आली होती. तिनं सांगायचं आणि बाकीच्यांनी पिंपरी कॅम्पचा बाजार पालथा घालायचा, असा रिवाजच पडला होता.

मग मार्चमध्ये लातूरकडची स्वप्नाली आली आणि सगळं बिनसलं. या पोरीनं रस्त्यावरच्या हातगाडीवरचे कानातले घातले तरी बसमधल्या बायका "कुठून घेतलेस गं?" म्हणत तिच्याभोवती गोळा व्हायच्या. दिपालीनं त्याच गाडीवरून तसलेच आणले, तर कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. तिचा नुसता जळफळाट झाला. हिच्यात असं आहे तरी काय? नाक तर बसकं!

यंदा दिपालीनं ग्रुपवर 'अबोली' टाकलं. दहा मिनिटांत उत्तरं आली, "पोपटी घेऊ ना, स्वप्नालीला पोपटी काय खुलतो!" बघता बघता सगळ्यांचे अंगठे पोपटीला पडले. स्वप्नाली बिचारी त्यात नव्हतीच. तिचा मोबाईल दुरुस्तीला होता आणि खंडेनवमीपर्यंतचा तो आठवडा ती बदलीवर दुसऱ्या लाइनला, सेकंड शिफ्टला होती. दिपालीला वाटलं, यापेक्षा कुणी थोबाडीत मारली असती तर बरं.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट बदलताना लॉकररूममध्ये दोघींची गाठ पडली. बाकीच्या बसकडे पळाल्या होत्या.

"ताई, रंग कोणता ठरला ओ?" स्वप्नालीनं विचारलं.

"अबोली," दिपाली म्हणाली. जीभ जराही अडखळली नाही. उलट त्या रात्री तिला झोप छान लागली.

खंडेनवमीच्या सकाळी पोपटी साड्यांची रांग मशिनसमोर उभी होती आणि अबोली साडीतली स्वप्नाली दारातून आत आली. दिपालीनं तिचा उतरलेला चेहरा डोळे भरून पाहून घेतला. बरं वाटलं तिला, खोटं कशाला बोला?

"अगं, पोपटी ठरलं हुतं की!" केसरबाई ओरडल्या. लाइनवर वयानं सगळ्यांत मोठ्या त्याच. "तुला कुणी सांगितलं न्हाई व्हय?"

"सांगितलं की. दिपालीताईंनीच सांगितलं, अबोली," स्वप्नाली पदर चाचपत म्हणाली. "म्हणून मी परत कुणाला विचारलं न्हाई. कशावर काय शोभतं ते मी इथं आल्यापासून ताईंचंच बघून शिकले. त्यांनी सांगितलं म्हणजे फायनल."

इतके महिने जिच्या नावानं दिपाली बोटं मोडत होती, तीच एकटी अजून तिची आवड मानत होती.

फोटोवाला "चला, चला" करत होता, पण जागची कुणी हलेना. स्वप्नाली दिपालीकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं.

"पण मग ताई," तिनं विचारलं, "तुम्ही पोपटी कशी नेसलात?"

सगळ्यांच्या माना दिपालीकडे वळल्या. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं तिला, आणि तरीही, मेली ती अबोलीसुद्धा हिलाच खुलतेय, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही.