जावयाचं शिफारसपत्र

मंगळवारी सकाळी आमदार वसुधाताईंच्या साकीनाक्याच्या कार्यालयात नेहमीसारखी गर्दी होती. कुणाला दाखला हवा होता, कुणाचं गटार तुंबलं होतं, कुणाला नातवासाठी शाळेत प्रवेश. कोपऱ्यात कार्यालयातली टायपिस्ट अक्षता टाईप करत होती, 'सदर इसम माझ्या व्यक्तिगत परिचयाचे असून होतकरू आहेत.' अशी परिचयाची माणसं ताईंना दिवसाला वीस-पंचवीस भेटत आणि त्यांतली निम्मी त्या पहिल्यांदाच पाहत असत.

खोटं कशाला बोला, तीन वेळा निवडून आलेल्या या बाईंनी काम केलं होतं. नळ आणले, शौचालयं बांधली, दारूचे दोन गुत्ते स्वतः उभं राहून बंद केले. पण नाव झालं ते हुंड्यामुळे. विभागातल्या प्रत्येक लग्नात ताई माईक घेत आणि मुलाकडच्यांना 'हुंडा घेतला नाही, घेणार नाही' अशी शपथ घालत. विधानसभेत त्यावर बोलल्या तेव्हा बाकं वाजली होती. कार्यअहवालात 'हुंडामुक्त विभाग' असं अख्खं पान होतं. लोकांनीही शपथ मोडली नाही. त्यांनी फक्त मागायची वस्तू बदलली.

दोन दिवसांपूर्वी अक्षताला बघायला आलेल्या मालनबाई कांदेपोहे खाता खाता म्हणाल्या होत्या, "आम्हाला हुंडा-बिंडा नको हां. शपथ घेऊ आम्ही. फक्त ताईंचं एक पत्र बघा ना. आमचा निलेश विमानतळावर कंत्राटी खपतोय. सुपरवायझर झाला, तर तुमचीच पोरगी सुखात राहील."

अक्षताला आपली मैत्रीण चेतना आठवली. तिच्या वडिलांनाही सासरच्यांनी हेच सांगितलं होतं. चेतनाच्या नवऱ्यासाठी तीन पत्रं अक्षतानेच टाईप केली होती. तिसऱ्या पत्राला कंपनीने भीक घातली नाही, आणि चेतना सहा महिन्यांचं पोर कडेवर घेऊन माहेरी परत आली. तिचा नवरा पुढचं पत्र आल्याशिवाय तिला घरात घेत नव्हता.

आज अक्षताचे वडील, धाकू घाडीगावकर, निलेशसाठी ते पत्र मागायला ताईंच्या टेबलापुढे उभे होते. वीस वर्षं त्यांनी ताईंचे बॅनर बांधले, खुर्च्या लावल्या, खुर्च्या उचलल्या.

"एवढंच ना?" ताई हसल्या. "अक्षता, घे गं, तुझ्याच नवऱ्याचं पत्र. झकास लिही."

अक्षताने कीबोर्डवरून हात काढून घेतले. "मी नाही टाईप करणार, ताई. हा हुंडा आहे."

दाखल्यासाठी थांबलेली माणसं माना वळवून बघू लागली.

"वेडी की काय! कागद आहे तो."

"चेतनाचाही कागदच होता."

ताईंचा चेहरा पडला. त्यांना चेतना आठवत होती, तिच्या लग्नात शपथ त्यांनीच घातली होती. क्षणभर वाटलं, आता काहीतरी बोलतील. पण समोर माणसं बसली होती आणि निवडणूक चार महिन्यांवर होती. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी नाही दिलं तर ते दुसऱ्याकडून आणतील. नुकसान तुझंच ना?"

"अगो, पत्रच तां," धाकू कळवळून म्हणाले. "पैसो न्हय, सोना न्हय. इतक्या वर्सांत मी ताईंकडे कदी काय मागलंय? आता एक मागलंय, तर तू आडवी येतंस!"

ताईंनी लेटरहेड पुढे ओढलं आणि आपल्या सुबक अक्षरात पत्र स्वतःच लिहिलं. धाकूंनी ते दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावलं. अक्षताला रडू आलं ते ताईंमुळे नव्हे, बापाच्या त्या वाकण्यामुळे.

"बाबा, पत्र न्या," ती म्हणाली. "मी त्या घरात जाणार नाही."

ती गेली नाही. लग्न मोडलं, वस्तीत तिचं नाव खराब झालं आणि धाकू तिच्याशी महिनाभर बोलले नाहीत. पत्र मात्र परत आलं नाही. त्यात मुलीचं नाव नव्हतंच, त्यामुळे ते कुठल्याही मुलीबरोबर चालण्यासारखं होतं. निलेश सुपरवायझर झाला. दोन महिन्यांत मुलुंडच्या हॉलमध्ये दुसऱ्या मुलीशी त्याचं लग्न लागलं. वसुधाताई आल्या, माईक घेतला, शपथ घातली. मालनबाईंनी ती खणखणीत आवाजात घेतली आणि टाळ्या पडल्या.

ताई राग धरत नाहीत असा त्यांचा लौकिक होता. अक्षताची नोकरी राहिली.

निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात एक गृहस्थ पेढ्यांचा पुडा घेऊन तिच्या टेबलाशी आले. "मी सीताराम. तुमच्या ताईंच्या पत्राने माझे जावई, निलेश, सुपरवायझर झाले. आता कायम व्हायचं म्हणतायत. अजून एक पत्र हवं होतं."

अक्षताने कोरा कागद घेतला. "तुमच्या मुलीचं नाव?"

"राधा. पण पत्रात तिचं नाव कशाला?"

"ती घरी आलीय का?"

सीताराम पुड्याची दोरी चाचपत राहिले. "चार दिवसांसाठी," ते म्हणाले. "पत्र मिळालं की जाईल."

अक्षताने टाईप केलं, 'राधा हिला सासरी परत घ्यावे म्हणून तिच्या पतीसाठी हे पत्र देण्यात येत आहे.' मग उठून तो कागद भरल्या कार्यालयात ताईंपुढे ठेवला आणि म्हणाली, "ताई, खरं आहे तेवढंच लिहिलंय. करा सही."