कशाची वाट बघायची

आयसीयूमध्ये ब्रदर बाबालालच्या खाटेशेजारचं डायलिसिसचं मशीन हलवू लागला, तसा फरहतनं त्याचा दांडा धरला.

"कुटं नेताय? अब्बाला लावायचंय ते."

"पाच नंबरच्या खाटेला न्यायला सांगितलंय, ताई," ब्रदर म्हणाला.

तिनं दांडा सोडला नाही. भाताच्या लावणीत आठवडाभर चिखल तुडवून बाबालालला ताप भरला होता. तपासणीत लेप्टो, उंदरांमुळे घाण पाण्यातून होणारा ताप, निघाला. पौडहून इथे आणेपर्यंत मूत्रपिंडं बंद पडत आली. दोन दिवसांत लघवीच्या पिशवीत जेमतेम वाटीभर साचलं होतं.

आवाज ऐकून डॉक्टर मेधा आल्या.

"त्यांना आज मशीनची गरज नाही. थांबू या."

"रक्तातलं क्रिएटिनिन तीनचं पाच झालं, मॅडम. पिरंगुटला कंपनीत मी रोज मशीनचं रीडिंगच बघते, आकडे कळत्यात मला. आमी खेड्यातले म्हणून थांबायचं व्हय?"

"तसं काही नाही," एवढंच म्हणून डॉक्टर पाच नंबरकडे वळल्या. तिथल्या बाईला धाप लागली होती.

बाहेर जिन्यापाशी तिची अम्मी रहिमतबी चटई टाकून बसली होती.

"काय म्हनल्या गं?"

"थांबा म्हनल्या."

"कशासाठी?"

फरहत फोन काढून ॲम्ब्युलन्सवाल्याशी बोलू लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्याला हलवायची गाडी दारात उभी राहिली. फरहत हलवायच्या कागदावर सही करायला आत गेली, तेव्हा सिस्टर खाटेखाली वाकून लघवीची भरलेली पिशवी रिकामी करत होती. सकाळपासून दुसऱ्यांदा.

"मूत्रपिंडं आपली आपण सुरू होतायत," डॉक्टर मेधा म्हणाल्या. "मशीन लागणार नाही, असं दिसतंय."

"तुमाला म्हाईत व्हतं?"

"नाही. पोटॅशियम वाढलं असतं, छातीत पाणी भरलं असतं, तर त्याच घटकेला लावलं असतं. दर सहा तासांनी तपासत होते. मशीननं रक्तदाबही पडतो, म्हणून उगाच घाई केली नाही."

"मंग हे काल का न्हाई सांगितलं? एवढंच तर इचारलं व्हतं."

डॉक्टरांनी जवळचं स्टूल पुढे ओढलं.

"बसा."

"मला नगं. बाहेर अम्मी बसलीय, तीन दिस झाले. तिला सांगा."

डॉक्टर बाहेर गेल्या. रहिमतबी उठायला लागली, तशा डॉक्टरच चटईच्या कडेवर बसल्या आणि बोलू लागल्या.

फरहत दारात हाताची घडी घालून उभी राहिली. त्या काही गाळत तर नाहीत ना, ते ऐकत.