सोडून राहिली

दामिनीने गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत चटई टाकली, मोबाईल विटेला टेकवला आणि कानात इअरफोन घातले. भिलाईच्या वैशाली नगरातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात गुपित म्हणून काही टिकतच नसे, तेव्हा मन मोकळं करायचं तर गच्चीवरच. समुपदेशनाचं ॲप तिला स्टील प्लांटमधल्या मैत्रिणीने सुचवलं होतं. आईला कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला, "येड्याचा डॉक्टर आता फोनवर बी भेटते का वं?"

ॲपने भाषा विचारली, तेव्हा दामिनीने मराठीवर बोट ठेवलं. शाळा, शिफ्ट, भाजीवाला, भांडण, तिचं सगळं हिंदीत चालायचं. हिंदीत कोणी खुशाली विचारली की तोंडातून आपसूक 'सब बढ़िया' निघायचं. मराठी तेवढी घरची होती, आणि दुखणंही घरचंच होतं.

दुखणं असं, की सत्तावीस वर्षांची ही पोरगी प्लांटमध्ये क्रेन चालवायची. उंच केबिनमध्ये बसून, खालच्या माणसाच्या खुणेवर टनावारी लोखंडी प्लेट उचलायची आणि अलगद खाली ठेवायची. तिचं लग्न सुशीलशी ठरलं. सुशील भिलाई-3ला रेल्वेत, म्हणजे अंतराचीही सबब नव्हती. पण त्याचे वडील भय्याजी पोहे खाता खाता गोड आवाजात म्हणाले होते, "आमच्या घरची सून क्रेनवर नाही चढत. नोकरी सोडली का तारीख काढू." आणि केवलराम, तिचा बाप, ज्याने तिला नोकरी लागली तेव्हा गल्लीभर पेढे वाटले होते, त्याने मान डोलावली! राजीनामा टाईप होऊन टीव्हीखाली पडला होता. आज पाच वाजता भय्याजींचा फोन येणार, त्याआधी सही हवी होती. दामिनीला सगळ्यात जास्त राग स्वतःचा होता. त्या दिवशी ती मुकाट्याने चहा देत राहिली होती.

स्क्रीनवर ऐश्वर्या मॅडम आल्या. सांगलीच्या, चष्मेवाल्या.

"बोला दामिनी, काय झालंय?"

"मॅडम, मी नोकरी सोडून राहिली."

मॅडमनी वहीत लिहून घेतलं. "बरं. सोडून किती दिवस झाले?"

"कोणाले?"

"तुम्हाला. आता घरीच राहता ना?"

"घरीच राहते, पण सोडली कुठं? सोडून राहिली!"

"हो, तेच म्हणतेय मी."

"मॅडम, तुमी मराठीच हाव ना?" दामिनी भडकली. "आता पाहा. मी प्लेट उचलून राहिली, म्हंजे काय? म्हंजे प्लेट हवेत हाय. खाली नाही ठेवली. काम चालू हाय!"

मॅडमनी लिहिलेलं खोडलं. "चुकलंच माझं. आमच्याकडे सोडून राहिली म्हणजे सोडून मोकळी झाली. मी तर तुमची नोकरी घालवूनच टाकली होती. म्हणजे अजून हवेतच आहे."

"अजून हवेतच हाय," दामिनी म्हणाली आणि स्वतःच्याच शब्दांशी थबकली. पंधरा दिवस ती नोकरी गेल्यासारखी रडत होती, आणि नोकरी तर अजून हातात होती.

"मग नोकरी खाली ठेवायची खूण कोणी केली?"

"बाबानं. भय्याजीनं."

"आणि तुम्ही?"

"मी चूप राहिली." रडण्याआधी तिला राग आला. "क्रेनवर असं नाही चालत, मॅडम. कोणीबी थांबायची खूण केली, झाडूवाला का असेना, मले थांबा लागते. अन् धोका दिसला त मी सोताच थांबवते. कोणाले पुसत नाही."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. दामिनीच पुन्हा म्हणाली, "सोताच थांबवते."

तेवढ्यात खालून केवलरामचा आवाज आला. चौतीस वर्षं त्याच प्लांटच्या भट्टीजवळ काढलेला माणूस, त्याला हळू बोलणं कधी जमलंच नाही. "हो हो भय्याजी! पोरगी नोकरी सोडून राहिली ना! आजच सही करते!"

दामिनी मोबाईल तिथेच टाकून जिना उतरली. केवलराम फोन कानाला लावून सोफ्यावर बसला होता, समोर राजीनामा, त्यावर पेन. ती त्याच्यापुढे उभी राहिली आणि तिने पंजा उघडून हात आडवा धरला. प्लांटमधली थांबायची खूण.

चौतीस वर्षांची सवय! केवलराम अर्ध्या वाक्यात थांबला.

"फोन द्या, बाबा."

त्याने दिला. आपण का दिला, हे त्यालाही कळलं नाही.

"मामाजी, मी दामिनी. बाबाचं बोलणं चुकलं. मी नोकरी सोडून नाही राहिली. करून राहिली."

"अन् लग्न झाल्यावर, बाई?" भय्याजींचा आवाज अजून गोडच होता.

"तारीख काढा का नोका काढू, सुशीलले पुसा." तिचा दुसरा हात अजून आडवाच होता. "मी त करूनच राहीन."