फोक नसलेली शाळा

बाईच्या हातात फोक नाही म्हणजे ती शाळाच नव्हे, असं आप्पारावांनी ठरवूनच टाकलं होतं. निजामी जाऊन दहा वर्षं होत आली होती आणि जिंतूरकडच्या त्या गावाचे ते पहिलेच सरपंच; त्यामुळे त्यांचं ठरलं की गावाचं ठरलं. लहानपणी मास्तरांनी पाठीवर चिंचेच्या ओल्या फोका मोडल्या म्हणूनच आपण माणसात आलो, हे ते येताजाता ऐकवत.

दैवशाला गावचीच लेक. बालवाडी चालवायचं शिक्षण घेऊन आली आणि चावडीच्या खोलीत तिनं तीन-चार वर्षांची पोरं गोळा केली. मातीचे बैल, सरकीची नक्षी, गाणी, नाच. आज आप्पाराव खोली रिकामी करून घ्यायलाच आले होते.

"लेकरं बिघडवायलीस तू. निस्ता कालवा! हात न उगारता यांना गप बसवून दाखव, न्हाई तर किल्ली दे."

दैवशालाला राग आला, चांगला सणसणीत.

"बसा काका. पर तुमी बी गप बसायचं."

मग ती पोरांना म्हणाली, "शांततेचा खेळ! डोळे मिटा. मी पडवीतून हळूच नाव घेईन. ज्याला आपलं नाव ऐकू येईल, त्यानं पाय न वाजवता यायचं."

खोली अशी चिडीचूप झाली, की बाहेरच्या बैलाचं रवंथ ऐकू यावं. दैवशाला पडवीतून कुजबुजली, "मुंजाजी..." मुंजाजी मांजराच्या पावलांनी आला. कडू नावाची चिमुरडी पायातले वाळे दोन्ही हातांनी धरून, वाकून वाकून आली. एकेक करत सगळी आली.

दैवशालानं दाराआडून डोकावलं. रिकाम्या खोलीत आप्पाराव एकटेच मांडी घालून बसले होते. डोळे गच्च मिटलेले, कान पुढं केलेला.

तिनं मनाचा हिय्या केला. "आप्पाकाका..."

सरपंच उठले. जोडे काखेत मारले, धोतर सावरलं आणि चवड्यांवर, श्वास रोखून, पडवीत आले. एकही पोर हसलं नाही. खेळाचा नियमच तसा होता.

"समद्यांच्या मागून का घेतलं माजं नाव?" ते कुजबुजले. खरंच रुसले होते. "उद्या पयलं माजं घ्यायचं."

उद्या म्हणाले! दैवशालाला नाचावंसं वाटलं, आणि ती पोरांना घेऊन खरंच नाचली.