मागाच्या खड्ड्यातली माती

नत्थूजींनी गच्चीवरच्या तुळशीच्या कुंडीतली मूठभर माती आणून सुनेपुढे धरली. उन्नतीनं ती नुसती हुंगली आणि मान हलवली.

"निंबोळी पेंड आहे मामाजी हिच्यात."

"थोडीशीच टाकतो मी. रोपाले चांगली राह्यते."

"रोपाले चांगली. भुरीले नाही."

भुरी म्हणजे तळहाताएवढा केसाळ कोळी, टॅरँट्युला. पहिल्या पगारात उन्नतीनं तिला आणलं, त्याला सहा वर्षं झाली. लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा तिनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, कोळी माझ्यासोबत येईल. बैठकीतल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं होतं. फक्त नत्थूजी खो-खो हसले होते आणि म्हणाले होते, कोष्ट्याच्या घरात विणणारं कोणी राहिलंच नव्हतं, येऊ द्या. त्या हसण्यावर सून खूश झाली आणि सासूबाई कुसुमताई मात्र आजतागायत भुरी ठेवलेल्या खोलीचा उंबरा ओलांडत नव्हत्या. झाडायचं तर मुलाला, पियूषला पाठवत.

आज रविवार. पियूष बुटीबोरीला कामावर गेलेला. सकाळी भुरीच्या काचेच्या पेटीत पांढरी बुरशी दिसली म्हणून उन्नतीनं सगळी माती काढून नालीत फेकली आणि नारळाच्या भुशाचं नवं पाकीट फोडलं. भुसा भिजवल्यावर त्यातून खताचे निळे दाणे वर आले. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलंही होतं, पण आधी वाचतं कोण! आता दुपारचे दीड वाजले होते. मे महिन्यात या वेळी नागपुरात दुकानं तर सोडाच, कुत्रीही रस्त्यावर नसतात. भुरी मिठाईच्या प्लास्टिकच्या डब्यात होती. डब्यातच पाण्याची वाटी ठेवली होती, पण ती तिकडे फिरकली नव्हती. कूलरची हवाही गरम येत होती.

"पाय पोटाशी घेऊन राहिली," उन्नती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "असे पाय आत गेले न मामाजी, की मग काही खरं नसते. तिले ओलसर मातीत घुसून बसाले पाहिजे. आजच."

नत्थूजींनी डब्यात पाहिलं. त्यांना त्या जनावराचं विशेष प्रेम नव्हतं, पण पोरीचा चेहरा पाहवेना. लग्नानंतर इतक्या महिन्यांत तिनं या घरात काही मागितलं नव्हतं.

"सावनेरले माझा साळा आहे. त्याच्या वावरातली माती..."

"कपाशी लावतात न ते?"

"हो."

"मग फवारणी असेल. आणि काळी माती वाळली की तडकते. तिचं बीळ अंगावर बसेल."

आपल्याला एवढं साधं सुचू नये याचा नत्थूजींना राग आला. ना खत, ना औषध, ना फवारा अशी माती या शहरात आहे तरी कुठे? ते उठले, खोलीत एक फेरी मारली आणि एकदम थांबले. मग समोरच्या खोलीत जाऊन त्यांनी दिवाण ओढायला सुरुवात केली.

"हे काय करून राहिले?" स्वयंपाकघरातून कुसुमताई ओरडल्या.

"मागाचा खड्डा उघडून राहिलो."

दिवाणाखाली सतरंजी होती आणि सतरंजीखाली फळ्या. तीन फळ्या निघाल्या आणि खालून गार, मातकट वास आला. याच खड्ड्यात पाय सोडून नत्थूजींनी तीस वर्षं साड्या विणल्या होत्या. चौदा वर्षांपूर्वी हातमाग लाकडाच्या भावात गेला. खड्डा राहिला.

"ही पाहा माती!" ते सुनेला म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "सूत तुटू नये म्हणून आम्ही हिले ओली ठेवत होतो. मुठीत दाबली तर लाडू झाला पाहिजे, पण पाणी गळालं नाही पाहिजे."

"भुरीलेही तश्शीच लागते!" उन्नती गुडघ्यांवर बसली. "औषध बिषध कधी टाकलं होतं का इच्यात?"

"दिवसभर माझे उघडे पाय राहत होते तिथं. माझ्याच पायाले मी जहर लावीन का?"

ते हसले, बॅटरी लावून वाकले आणि हसणं तिथंच विरलं. तळाशी पांढरट थर होता. मातीवर चिकटलेला, जागोजागी पापुद्रे सुटलेला. आपण हे कसं विसरलो, असं त्यांना झालं.

"नाही होत गा," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "माग गेला त्या वर्षी तुझ्या सासूनं वाळवीची पावडर टाकली होती. डबाभर. मले म्हणे, जहर आहे, आता पाय नका ठेवू."

डबा छातीशी धरून उन्नती तशीच बसून राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि नत्थूजींनी बॅटरी विझवली. चौदा वर्षांपूर्वी टाकलेलं जहर आता मातीतून वेगळं कसं काढायचं?

कुसुमताई दारात येऊन उभ्या होत्या. पदराला हात पुसत होत्या, पुसून झालेले हात पुन्हा पुसत होत्या. या घरातून हा कोळी गेला असता तर सगळ्यात आधी त्यांनीच देवापुढे दिवा लावला असता. गप्प राहिल्या असत्या तरी काम झालं असतं.

"ते जहर नव्हतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"रांगोळी होती. दिवाळीची उरलेली."

नत्थूजींनी बॅटरी पुन्हा लावून तो पांढरा थर पाहिला.

"मग जहर काहून म्हटलं?"

"तर काय म्हणू?" कुसुमताईंचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "माग गेला, अन् तुम्ही रोज जेवण झालं की इथं येऊन पाय सोडून बसत होते. समोर काही नाही, नुसती भिंत. तीन-तीन घंटे. माझ्यानं पाहवेना. उठा म्हटलं तर उठत नव्हते. मग टाकली रांगोळी."

कूलर घरघरत होता. नत्थूजींना सगळं आठवलं. त्या वर्षीच्या उन्हाळ्यातच त्यांनी बर्डीच्या बाजारातल्या कापडाच्या दुकानात नोकरी धरली होती. दुपारी खड्ड्यात बसायला जागा राहिली नाही, म्हणून.

"आई, नक्की रांगोळीच न?" उन्नतीनं विचारलं.

"देवाशपथ. मी काय नवऱ्याच्या घरात जहर टाकीन?"

मग कोणी वेळ घालवला नाही. नत्थूजी खुरपं घेऊन खड्ड्यात उतरले, वरचा थर वीतभर खोल काढून बाजूला टाकला आणि त्याखालची पिवळसर, मुरमाड माती घमेल्यात भरली. मूठ दाबून पाहिली. लाडू झाला, पाणी गळालं नाही. उन्नतीनं चाळणीनं खडे काढले, माती आत नेऊन पेटीत दाबून बसवली, बोटानं एका कोपऱ्यात खळगा केला आणि डबा आडवा धरला. भुरी हलली नाही. नत्थूजी खड्ड्यातूनच मान उंच करून आतल्या खोलीकडे पाहत होते. कुसुमताईही पाहत होत्या, दारातून.

बऱ्याच वेळानं आतून आवाज आला.

"मामाजी! पाय पसरले तिनं! माती उचलून राहिली, खोदून राहिली!"

नत्थूजींनी इतका मोठा श्वास सोडला की त्यांना खोकलाच आला. ते खड्ड्याच्या काठावर टेकले. पाय आतच होते. उठायला पाहिजे हे त्यांना कळत होतं. बायको समोर उभी होती.

"दोन मिनिटं बसतो फक्त," ते म्हणाले. "मग लावतो फळ्या."

कुसुमताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. मग साडी घोट्यावर आवरून जवळ आल्या.

"सरका जरा."

ते सरकले. त्या शेजारी बसल्या आणि त्यांनी हळूच पाय खाली सोडले. पायांना गार माती लागली, तशा त्या दचकल्या.

"अव्वा माय!" त्या म्हणाल्या. "तीस वर्षं मी तिकडे पत्र्याखाली सुताच्या कांड्या भरत घामानं भिजली, अन् तुम्ही इथं असे थंडगार बसून राहत होते? एका शब्दानं तरी सांगितलं का मले?"