घडाचं टोक

"सोळा," साखरमावशी म्हणाली आणि तिने डोळ्याला लावलेली नळी खाली घेतली.

"काल किती होती?" मालकिणीने विचारलं.

"सोळाच."

"आणि परवा?"

"तीच गं बाई. आठ दिवस सूर्याने तोंड दाखवलेलं नाही, साखर वाढणार कुठून?"

मुकादम हसला. "मावशी, तुमच्या जिभेवरची थोडी द्या, भागेल आमचं."

"माझ्या जिभेवर असती तर तू माझ्यापासून चार हात लांब उभा राहिला असतास का रे?"

द्राक्षबागेत सगळे तिला साखरमावशीच म्हणत. तोडणीच्या आधीचा महिनाभर, रोज सकाळी दव वाळलं की ती वेलींच्या मांडवाखालून ओळीओळीने फिरायची. इथला एक, तिथला एक असे मणी तोडायची, पिशवीत चुरडायची आणि रसाचा थेंब नळीच्या काचेवर ठेवून उजेडाकडे बघायची. आतला निळा रंग जिथे संपतो, तिथला आकडा म्हणजे साखर. अठरा आली की कात्र्या निघायच्या. दिवसा कोरडं ऊन आणि रात्री गारवा मिळाला तर आकडा भराभर चढतो. ढग बसले की तोही बसतो, आणि मण्यातला आंबटपणा जायचं नाव घेत नाही.

"परवा पाऊस सांगितलाय," मालकीण म्हणाली. वडिलांच्या मागे बाग तिच्या हाती येऊन दोन वर्षं झाली होती. ती एवढी उंच, की मांडवाखाली तिला मान वाकवूनच चालावं लागे. "भरलेला मणी पाणी प्यायला की तडकतो, आणि तडकला की बुरशी. पण आंबट माल पाठवला तर पुढच्या वर्षी आपल्याला विचारणार कोण? तोडू, की थांबू? मावशी, तुम्ही सांगाल ते."

तुम्ही सांगाल ते. वर्षाचे अकरा महिने मावशीला कोणी काही विचारत नसे. मुलगा रविवारी फोन करायचा, "बरी आहेस ना?" म्हणायचा, आणि ती "हो रे" म्हणेपर्यंत पलीकडून कोणीतरी त्याला हाक मारायचं.

"थांब," साखरमावशी म्हणाली. "सोळाला तोडू नको."

घरी येऊन तिने नळी धुतली, मऊ फडक्याने पुसली. नळीच्या चामडी पाकिटावर एक खळगा होता, नवऱ्याच्या अंगठ्याने झिजून पडलेला. हे काम मूळ दोघांचं. तो ताडमाड, ती टीचभर. "वरचं माझं, खालचं तुझं," तो म्हणायचा. तो हात वर करून घडाच्या खांद्याचे मणी काढायचा, ती खाली लोंबणाऱ्या टोकाचे. खांदा आधी पिकतो, टोक सगळ्यांत शेवटी. दोन्हींचा रस एकत्र झाला की आकडा खरा. घरी तर तो चहाचासुद्धा थेंब काचेवर ठेवायचा. "आज आठच? कंजूष बाई!"

त्याला जाऊन तीन वर्षं झाली. पहिली दोन वर्षं तिने स्टुलावर चढून निभावलं. यंदा गुडघ्याने साफ नकार दिला, आणि स्टूल शेडच्या दाराआड पडून राहिलं. यंदा पिशवीत गेले ते नुसते टोकाचे मणी.

हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. चार दिवस जास्त राहिल्याने द्राक्ष बिघडत नाही, उलट गोड होतं, अशी तिने मनाची समजूत घातली होती. कोरड्या हवेत ते खरंही होतं. आणि "थांब" म्हटलं की दुसऱ्या सकाळी पुन्हा कोणीतरी विचारायला असतं, ही गोष्ट तिने मनालाही सांगितली नव्हती.

खिडकीबाहेर ढग अगदी छपरांपर्यंत उतरला होता. वाढून घेतलेलं ताट तिने झाकून ठेवलं आणि चपला घातल्या.

"काय मावशी, काही विसरलात?" मालकीण शेडमधून बाहेर आली.

"हो. वरचे मणी."

"म्हणजे?"

"माझा हात पोचत नाही गं. गुडघा स्टुलावर चढू देत नाही. यंदा मी खांद्याचा एक मणी तोडलेला नाही. तुला सांगितले ते आकडे टोकाचे."

"सगळे?"

"सगळे."



मालकीण मांडवाखाली शिरली, हात वर केला आणि एका घडाच्या खांद्याचा मणी तोडून मावशीपुढे धरला. मावशीने त्याच घडाच्या टोकाचा तोडला. तशा दोघी नऊ ओळी फिरल्या, एक वरून, एक खालून. रसाचा थेंब काचेवर ठेवून मावशीने नळी तिच्या हातात दिली.

"तूच बघ. आज माझ्या भरवशावर नको राहूस."

"अठरा," मालकीण म्हणाली. पुन्हा डोळा लावून बघितलं. "वर केसभर जास्तच. मुकादम, कात्र्या काढा! जेवढी माणसं मिळतील तेवढी बोलवा."

धावपळ सुरू झाली. त्यातच ती मागे वळली. "मावशी, आधी का नाही बोललात?"

साखरमावशी नळी पाकिटात घालत होती. ते काम तिला बराच वेळ पुरलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटचा ट्रक गेला. मांडवाला नुसती पानं उरली.

तिसऱ्या दिवशी सांगितल्याप्रमाणे पाऊस आला. साखरमावशी नेहमीच्या वेळी उठली, वेणी घातली, चपलांपाशी गेली आणि परत फिरली. तिने चहा केला. कप ओठांपर्यंत नेला, खाली ठेवला, आणि खुंटीवरची नळी काढली. एक थेंब काचेवर ठेवून खिडकीशी उभी राहिली. उजेड कमी होता, नीट दिसायला वेळ लागला.

"नऊ," ती मोठ्याने म्हणाली.

मग काच पुसून तिने नळी पाकिटात ठेवली. पाकिटाचं बटण लावताना अंगठा त्या खळग्यावर आला. तिचा अंगठा लहान. खळगा अर्धा मोकळाच राहिला.